पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन: चार होल, तीन की एकच?

मागच्या उन्हाळ्यात हिच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, दुर्बिणीनं ऑपरेशन करायचं ठरलं, नागपुरात धंतोली-रामदासपेठेत तीन सर्जनकडे फिरलो अन् पोटाला होल किती पाडायचे याचे तिघांनी तीन आकडे सांगितले. आता शेजारच्या काकू तेच विचारून राहिल्या, म्हणून लिहूनच टाकतो.

चार होल म्हणजे नेहमीची पद्धत. बेंबीपाशी १० मिमीचं एक, छातीच्या हाडाखाली एक, उजवीकडे ५-५ मिमीची दोन. त्यातल्या अगदी कडेच्या होलातून असिस्टंट पिशवीचं टोक पकडून लिव्हरवर ढकलून धरतो. तीन होलात बहुतेक हेच कडेचं होल जातं. पिशवी सुजलेली, चिकटलेली नसली तर त्याच्यावाचून काही अडत नाही. वाचतो काय, तर एक छोटा टाका. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला गॅस भरतात, त्यामुळं नंतर खांदा दुखतो, तो तर कशातही दुखू शकतो.

एका होलाचं मला आधी लय कौतुक, बेंबीतच कट, डाग दिसतच नाही म्हणे! पण तो कट जवळपास २ सेंटिमीटरचा असतो, कधी त्याहून मोठा, हे मला विचारल्यावर कळलं. सगळी अवजारं एकाच जागेतून आत जातात, एकमेकांना आपटतात, वेळ जास्त लागतो, अन् नंतर बेंबीत हर्निया व्हायचा चान्सही जास्त. वरून नागपूरचा मे महिना, घामानं बेंबी कोरडी ठेवणं म्हणजे वेगळीच ड्युटी.

डाग राहू द्या, खरी भीती लिव्हरकडून आतड्यात जाणाऱ्या पित्ताच्या मेन नळीची आहे. ती चुकून कापली गेली तर मोठं ऑपरेशन मागं लागतं. म्हणून पिशवीकडे जाणारी एक नळी अन् एक रक्तवाहिनी, या दोनच गोष्टी मोकळ्या दिसल्या की मगच क्लिप मारून त्या बंद करून कापायच्या असतात, आणि ते दिसायला पिशवी नीट ताणून धरावी लागते. होल कमी केलं की हाच ताण कमी पडू शकतो.

आम्ही तीनवाल्याकडे गेलो, कारण तो स्वतःहून बोलला की आत चिकटलेलं निघालं तर चौथं पाडीन, तरी नाही जमलं तर पोट उघडीन. काकूंना तर दोनदा सूज येऊन गेलीय, त्यांनी एका होलाचा नाद सोडावा असं माझं मत. हिचं खरंच चिकटलेलं निघालं, चौथं होल पाडावं लागलं, अन् आता ते कुठलं म्हणून विचारलं तर तिलाच शोधावं लागते.