जुन्या वास्तूच्या दुरुस्तीसाठी पैसा: पुरातत्त्व खातं की सीएसआर?

सोलापूरच्या जुन्या पेठांत दगडी जोत्याच्या, माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) कितीतरी वास्तू अजून उभ्या आहेत. वाचनालयं, मठ, शाळा, धर्मशाळा. पावसाळा आला की तुळया भिजतात आणि विश्वस्तांच्या बैठकीत एकच विषय निघतो, पैसा आणायचा कुठून? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन वाटा असतात: राज्याचं पुरातत्त्व खातं आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर खर्च करावा लागणारा त्यांचा पैसा. इमारत ट्रस्टची आणि लोकांच्या रोजच्या वापरातली असेल, तर आधी सीएसआरकडे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठेही जाण्याआधी सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि धर्मादाय कार्यालयातला ट्रस्टचा उतारा तिच्याशी ताडून बघा. पत्रिकेवर अजून मूळ दात्याचंच नाव असेल, तर आधी ते काम हाती घ्या. मालकी धड नसलेल्या वास्तूवर ना सरकार पैसा लावतं, ना कंपनी. इंद्रभुवन ही जुनी वास्तू महापालिकेची आहे, म्हणून तिथे सार्वजनिक पैसा सरळ वापरता येतो. तुमची वास्तू त्या रांगेत बसत नाही.

पुरातत्त्व खात्याचं काम 1960च्या राज्य कायद्याने चालतं आणि खर्च होतो तो मुख्यतः राज्य संरक्षित स्मारकांवर. म्हणजे आधी तुमची वास्तू संरक्षित घोषित व्हायला हवी: प्राथमिक अधिसूचना, हरकती, मग अंतिम अधिसूचना. पुढे अंदाजपत्रक खात्याचं, निविदा खात्याची. पैसा ट्रस्टच्या खात्यात येत नाही आणि नंतर साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागते. ‘महाराष्ट्र वैभव’ ही स्मारक संगोपनाची योजनाही संरक्षित स्मारकांपुरतीच आहे. पण या वाटेने जे मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. उद्या विश्वस्त बदलले आणि कुणाला जागेचा मोह झाला, तरी वास्तू पाडता येत नाही. शिलालेख असलेलं जुनं देऊळ किंवा कोरीव बारव असेल, तर वेळ लागला तरी हीच वाट धरा. चालत्या वाचनालयाला मात्र ती जड जाते.

सीएसआरचं बळ 2013च्या कंपनी कायद्यात आहे. 500 कोटींची नक्त मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा, यांपैकी काहीही एक असलेल्या कंपनीला मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती स्पष्ट शब्दांत आहे आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. आपल्याकडचे चादर-टॉवेलचे बरेच कारखाने घरचे किंवा भागीदारीतले, त्यांना हे कलम लागूच होत नाही. त्यांच्याकडे देणगी मागा. सीएसआरसाठी फताटेवाडीच्या एनटीपीसीसारखे मोठे प्रकल्प, बँका आणि जिल्ह्यात व्यवसाय असलेल्या बाहेरच्या कंपन्या गाठा.

ट्रस्टकडे आयकर सवलतीच्या 12ए, 80जी नोंदण्या आणि सीएसआरची कामं घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी हवी, शिवाय तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव. इथेच बहुतेक ट्रस्ट अडतात. अशा वेळी वारसा जतनाचं काम करणारी इंटॅकसारखी अनुभवी संस्था अंमलबजावणीला सोबत घ्या.

सीएसआरची खरी अडचण वेगळीच आहे. कंपनीला मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, आणि चुन्याला घाई चालत नाही. चुना भिजवून मुरवावा लागतो, गिलावा थरांनी चढतो, प्रत्येक थराला ओलावा आणि वेळ द्यावा लागतो. घाई झाली की कंत्राटदार सिमेंटचं पोतं फोडतो. जुन्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं, मग दगडाचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीतली तुळईची टोकं कुजतात. म्हणून करारातच लिहून घ्या की काम वारसा जतनाच्या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली होईल आणि हप्ते टप्प्यांप्रमाणे मिळतील. नंतरच्या देखभालीचा पैसा कंपनीकडून येईल असं धरू नका.

भुईकोट किल्ल्याजवळ असाल तर आणखी एक गोष्ट बघा. तो केंद्र संरक्षित आहे. त्याच्या हद्दीपासून 100 मीटरच्या आत दुरुस्तीलाही परवानगी लागते आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. ती परवानगी आधी काढा, निधीचा अर्ज नंतर.

खासगी वाड्याच्या मालकाला या दोन्ही वाटांनी सहसा काही मिळत नाही. वास्तू वारसा यादीत असेल, तर बांधकामाच्या बुडालेल्या हक्काबद्दल टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) मिळतो का, हे नगररचना विभागात विचारा. 1996 सालचा राष्ट्रीय सांस्कृतिक निधीही आहे, पण त्याचा भर केंद्र संरक्षित स्मारकांवर. पेठेतल्या ट्रस्टने त्यात वेळ घालवू नये.

पहिला अर्ज सगळ्या इमारतीचा करू नका. वास्तूची मोजणी, फोटो आणि पडझडीची नोंद ट्रस्टच्या पैशाने करून घ्या, आणि पहिल्या टप्प्यात फक्त माळवद आणि पाणी वाहून नेणारे पन्हाळे मागा. दिवाळीनंतर काम सुरू झालं तर पुढच्या मृगाआधी छत कोरडं होतं, आणि दुसऱ्या टप्प्यासाठी कंपनीला दाखवायला झालेलं काम हातात असतं.