दंगल टाळायला काय बरं: शांतता समिती की मोहल्ला समिती?

शांतता समिती म्हणजे सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात चहा-बिस्किटं, पुढच्या खुर्च्यांवर तेच ते पुढारी. भरवायला सोपी, हे मान्य. पण गल्लीतल्या माणसाला तिचा पत्ताही नसतो.

भिवंडीत १९७० आणि १९८४ला मोठ्या दंगली झाल्या. नंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्यांच्यासोबत पोलीस. नळावरच्या भांडणापासून ओळख असली, की अफवा उठल्यावर आधी ओळखीच्या माणसालाच विचारलं जातं. डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मुंबईत अशा समित्या आल्या त्या दंगलीनंतर!

माझं मत मोहल्ला समितीला. फक्त साहेबांची बदली झाली, की बैठका थंडावतात.