नऊ वर्षं वापरलेला फायरवॉल बॉक्स एक दिवस उठलाच नाही, त्यानंतरचा रिव्ह्यू

आमच्या ऑफिसातला हा बिनपंख्याचा, चार लॅन पोर्टवाला फायरवॉल, म्हणजे ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते नियमांनुसार ठरवणारा बॉक्स, नऊ वर्षं चोवीस तास चालतोय. गेल्या महिन्यात लाईट गेली, परत आली आणि हा काही उठेना, मग तीन रात्री त्याच्यासमोर बसून जे कळलं ते लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, पण आत साधं पीसीसारखंच बोर्ड आणि त्यावर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर, असा बॉक्स ज्यांच्याकडे आहे त्यांना उपयोग होईल.

लक्षण असं की पॉवरचा हिरवा दिवा लागतो, लॅनचे दिवे मात्र लागत नाहीत, आणि बूट पूर्ण झाल्यावर जो बीप वाजतो तो वाजतच नाही. सपोर्टला विचारलं तर मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या, एवढंच उत्तर. याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण बॉक्स मेलेला नव्हता.

या बॉक्सची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे कन्सोल पोर्ट, तिथून बूट होतानाचे मेसेज लॅपटॉपवर वाचता येतात. केबल लावली, स्पीड ९६०० ठेवला तर स्क्रीनवर नुसती खिचडी, ११५२०० केल्यावर अक्षरं नीट दिसायला लागली. मित्रांनो, दिव्यांकडे बघून अंदाज लावत बसू नका, आधी कन्सोल लावा, माझी अख्खी पहिली रात्र रॅम काढून-घालून बघण्यात गेली आणि रॅमला काहीच झालेलं नव्हतं.

कन्सोलवर दिसलं की बायोस (बोर्डचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) येतो, रॅम मोजतो, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लोड व्हायला सुरुवात होते आणि तिथेच धाडकन परत पहिल्यापासून. दरवेळी साधारण त्याच जागी. मला अडॅप्टरचा संशय आला, पण मोकळा मोजला तर १२.१ व्होल्ट, म्हणजे एकदम ठीक. मग झाकण काढून डीसी जॅकच्या मागच्या टोकांवर मल्टिमीटरच्या पिना धरल्या आणि बॉक्स चालू केला, बायोसपर्यंत ११.६ आणि कर्नल सुरू होऊन प्रोसेसरवर लोड आला की १०.३, की लगेच रीबूट. अडॅप्टरमधले कॅपॅसिटर वर्षानुवर्षं गरम होऊन सुकत जातात, मग लोड नसताना व्होल्टेज बरोबर दिसतं आणि लोड आला की कोसळतं. म्हणून मोजायचं तर चालू बॉक्सवरच. नवीन घेताना व्होल्टेज, अँपिअर, पोलॅरिटी तर बघाच, पण पिनची जाडीही बघा, २.१ आणि २.५ मिलिमीटरच्या पिना दिसायला सारख्याच असतात आणि चुकीची बसली की सैल राहते.

अडॅप्टर बदलल्यावर गाडी पुढे सरकली आणि माउंटरूटच्या प्रॉम्प्टवर अडकली, म्हणजे सिस्टिम ज्या डिस्कवर आहे ती डिस्कच त्याला उघडता येईना. वर स्क्रोल केलं तर बोर्डवरच्या ईएमएमसीचे (डिस्कचं काम करणारी मेमरी चिप) रीड एरर ओळीने. ही बॉक्सची खरी कमजोर बाजू. फायरवॉल दिवसरात्र लॉग लिहितो, त्या चिपची लिहून घ्यायची मर्यादा असते, आणि ती बोर्डला सोल्डर केलेली, त्यामुळे काढून बदलता येत नाही. नशिबाने आत एमसाटाचा, म्हणजे छोट्या एसएसडीचा, रिकामा स्लॉट होता. तिथे एसएसडी टाकली, पेनड्राईव्हवर सिरियल कन्सोलवाली इमेज घेतली, इन्स्टॉल केलं आणि जुनी कॉन्फिग फाईल (सगळ्या सेटिंगची बॅकअप फाईल) रिस्टोर केली. फाईल दुसऱ्या मशीनवर ठेवलेली होती म्हणून अर्ध्या तासात सगळे नियम परत आले, नाहीतर एवढ्या वर्षांचे नियम मी आठवून आठवून काय लिहिले असते.

तरी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी, लागेना. तारीख बघितली तर कित्येक वर्षं मागची, म्हणजे व्हीपीएनच्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही असं बॉक्सला वाटत होतं. बोर्डवरचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो, माझा २.२ वर आला होता. तो बदलला, वेळ लावली, व्हीपीएन जोडला गेला.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. अडॅप्टर चांगला असून कन्सोलवर एक अक्षरही येत नसेल तर प्रोसेसरचं नाव शोधा. इंटेल ॲटम सी२००० मालिकेतल्या जुन्या चिपमध्ये क्लॉक सिग्नल कायमचा बंद पडायचा दोष आहे, तो २०१७ मध्ये उघड झाला, आणि सॉफ्टवेअरने तो बरा होत नाही. माझा बॉक्स त्यातला नव्हता.

बोर्ड आणि लॅन पोर्टना माझ्याकडून पूर्ण मार्क, नऊ वर्षांत एकही पोर्ट गेला नाही. अडॅप्टरला दोन, ईएमएमसीला एक. जुना घेत असाल तर झाकण उघडून एसएसडीचा स्लॉट आहे का बघा, नसेल तर मी तरी घेणार नाही. आता लॉग रॅमडिस्कवर (रॅममधल्याच तात्पुरत्या डिस्कवर) टाकलेत, बॉक्स तीन आठवडे सलग चालू आहे आणि दुसरा अडॅप्टर नाव लिहून कपाटात ठेवलाय.