चोया की आयर्नवूड: पेनासाठी कुठलं लाकूड घ्यावं?

मी लाकडाची पेनं बनवतो. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला आल्यावर मला आधी वेड लागलं ते चोया कॅक्टसचं, आणि ते लागावं असंच लाकूड आहे. कॅक्टस मेला की वरचा गर सुकून गळून जातो आणि उरते नुसती जाळी, लांबट भोकांची पोकळ नळी, हातात घेतली तर वजनच लागत नाही. त्या भोकांत फिरोजी रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) ओतायचं, प्रेशर पॉटमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाच्या बंद भांड्यात घट्ट होऊ द्यायचं आणि लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर चढवायचं, मग जसजसं टूल आत जातं तसतशी नक्षी बदलते. बहिणीला पाठवलेलं चोयाचं पेन तिच्या बँकेत सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. आयर्नवूड हे इथल्याच वाळवंटातलं दुसरं झाड, त्याच्या पेनाकडे लांबून कोणाचं लक्ष जात नाही, हे मान्यच.

पण मला पिडलं ते बुडबुड्यांनी. ह्या युरेथेन जातीच्या रेझिनला पाणी अजिबात चालत नाही, लाकडात जराशी ओल राहिली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि रेझिन आतल्या आत फसफसतं. अ‍ॅरिझोनात कसली आलीये ओल असं मलाही वाटायचं, पण जुलै-ऑगस्टच्या मान्सूनमध्ये गॅरेजमधला तुकडा बरोबर ओल धरतो आणि वरून काही म्हणजे काही कळत नाही. तास-दीड तास काम करून आकार आलेला असतो, पॉलिशपेपर तेवढा मारायचा राहिलेला असतो आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक उघडं पडतं. ते सुपरग्लूने भरा, परत घासा, की शेजारी दुसरं हजर. एका पेनात मी अशी अकरा भोकं भरली आणि तरी ते पेन द्यायची इच्छा झाली नाही. आता तुकडे वेगळ्या टोस्टर ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवतो, त्याने बराच फरक पडला, पण शेवटच्या हातापर्यंत धाकधूक राहतेच. शिवाय त्या भोकांत अडकलेली वाळू, कितीही झटका, एखादा कण राहतो आणि टूलची धार घालवतो.

आयर्नवूडची कटकट सुरुवातीलाच कळते. पाण्यात टाकलं तर बुडणारं लाकूड हे, पेनाच्या आतल्या नळीसाठी भोक पाडताना ड्रिलला घाई केली की तापून उभं तडकतं, माझे पहिले दोन ब्लँक (पेनासाठी कापलेले तुकडे) असेच गेले. आता पाव इंच गेलं की बिट बाहेर काढतो, भुसा काढतो, हात लावून बघतो गरम झालंय का, मगच पुढे. टूलला धारही सारखी लावावी लागते, आणि मास्क लावाच, भुसा फार बारीक असतो. पण एकदा नळी बसली की पुढे दगा नाही. वर सुपरग्लूचा थर द्यायची पण गरज मला वाटत नाही, बारीक पेपरपर्यंत घासून मेण लावून बफ केलं की काळपट तपकिरी लाकडातल्या सोनेरी रेषा आपोआप वर येतात आणि लिहिताना बोटाला लाकूडच लागतं. मेक्सिकोतल्या सोनोराचे सेरी लोक 1960 च्या दशकापासून ह्याच लाकडाचे मासे-कासवं कोरतात, त्यांची ती झिलई बघितली की मी काय म्हणतोय ते कळेल.

गावाकडे सांगताना मी म्हणतो बाभळीच्या कुळातलंच आहे हे, शेंगा येणारं. (आपली वेडी बाभूळ तर इथल्या मेस्कीट नावाच्या झाडाची सख्खी जातभाई, तिचीही पेनं सुरेख होतात.)

एक मात्र, रस्त्याकडेला पडलेलं दिसलं म्हणून उचलून आणू नका, चोया आणि आयर्नवूड दोन्ही अ‍ॅरिझोनाच्या स्थानिक वनस्पती कायद्यात येतात, त्यामुळे रीतसर परवानगीने काढलेलं लाकूड विकणाऱ्याकडूनच घ्या.

लांबून नजरेत भरणारं, भेट द्यायचं एकच पेन करायचं असेल आणि प्रेशर पॉट हाताशी असेल तर चोया घ्या, माझी ना नाही. रोज खिशात वागवायचं असेल तर मी तरी आयर्नवूडच म्हणेन. माझं स्वतःचं चार वर्षं झाली वापरतोय, पकडायच्या जागी आधीपेक्षा जास्त चमकतंय. चोयाचे तीन तुकडे ओव्हनशेजारी ठेवलेत, ते मान्सून संपल्यावर बघू.