क्लबचा करार की खात्यातली नोकरी? गावाकडच्या फुटबॉलपटूच्या घरासाठी

पोरगं जिल्ह्याच्या संघात चमकलं की घरात दोन वाटांची चर्चा सुरू होते. एक, मोठ्या शहरातल्या क्लबात जाऊन करार मिळवायचा. दुसरी, खेळाच्या जोरावर रेल्वेत, पोलिसात किंवा फौजेत लागायचं. भारताकडून खेळणं ही तिसरी वाट समजू नका. देशाचा संघ महिन्याचा पगार देत नाही. रोजचा खेळ नि रोजची भाकर क्लबात किंवा खात्यात, आणि देशासाठी निवड होते ती असं खेळताना दिसलेल्यांतूनच.

पूर्वी दोन्ही वाटा भारतीय संघापर्यंत जायच्या. पी. के. बॅनर्जी कारकीर्दीचा बहुतेक काळ ईस्टर्न रेल्वेकडून खेळले. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या बड्या क्लबांत ते कधी गेले नाहीत, तरी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताचे कर्णधार होते आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघातही होते. आता तसं राहिलेलं नाही. सुनील छेत्री २००२ मध्ये मोहन बागानला लागला, २००५ मध्ये भारताकडून उतरला आणि जून २०२४ मध्ये कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळेपर्यंत १५१ सामन्यांत ९४ गोल करून बसला. (२०२५ मध्ये तो पुन्हा परतलाही.) ही सगळी वाटचाल क्लबांच्या बळावर. देशाची जर्सी हेच पोराच्या मनात असेल, तर आज क्लबशिवाय गत्यंतर नाही.

पण क्लबाचा भरवसा किती? महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि पाच वर्षांत संघच बंद झाला. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे देशातल्या वरच्या क्लब लीगचा, हंगाम व्यावसायिक हक्कांच्या करारावरून अडकला, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. कापसाचा भाव पडला की वर्ष कसं जातं हे आपल्याला कळतं. इथं तर गुडघा दुखावला तरी हंगाम गेला.

नोकरीच्या वाटेवर तेवढा घोर नाही, पण तीही सोपी नाही. राज्य शासनात खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, मात्र नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्रावर भागत नाही. ठरलेल्या स्पर्धेत वरचा क्रमांक मिळवावा लागतो, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणीही करून घ्यावी लागते. त्यात आपली विदर्भवाल्यांची एक अडचण आहे. क्रिकेटसारखा विदर्भाचा वेगळा फुटबॉल संघ नाही. राज्याच्या संघात शिरायचं तर मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या पोरांशी झुंजावं लागतं.

मुलींच्या बाबतीत मी नोकरीकडे जास्त झुकतो. २०२२ मध्ये भारताची फुटबॉलपटू मनीषा कल्याण सायप्रसच्या क्लबात गेली, हा मोठा पल्ला आहे. पण मुलींच्या देशी लीगमधला पैसा अजून तोकडाच.

मुलग्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: विशीपर्यंत क्लब, पण बारावी सोडायची नाही. खेळाची वर्षं पुन्हा येत नाहीत, नोकरीचा अर्ज मात्र नंतरही भरता येतो. चाचणीला पाठवताना एवढं ध्यानात ठेवा की आपलं पोरगं काळ्या मातीवर शिकलंय. पावसाळ्यात बुटाला पायलीभर चिखल, उन्हाळ्यात भेगा, त्यामुळे चेंडू वेडावाकडा उसळणार हे धरूनच ते पाय लावतं. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, चेंडू झरकन सरकतो आणि पहिले काही दिवस त्याचा पहिला स्पर्श चुकतो. चाचणी एकाच दिवसाची असेल तर आठवडाभर आधी शहरातल्या एखाद्या टर्फवर सराव करू द्या.

करार पुढ्यात आला तर रकमेआधी चार गोष्टी विचारा. मुदत किती? अठरा वर्षांखालच्या मुलाशी फिफाच्या नियमानं तीन वर्षांहून लांब करार करता येत नाही. दुखापतीचा खर्च कोणाचा? शाळेची परीक्षा आली तर सुट्टी मिळेल का? आणि सोडून जायचं ठरलं तर ना-हरकत कोणत्या अटीवर देणार? उत्तरं तोंडी नकोत, करारात लिहून घ्या, आणि सहीची एक प्रत त्याच दिवशी घरी आणा.