जीएनएम की बीएस्सी नर्सिंग?

डिचोलीची भाची बारावी झालीय नि जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, हा डिप्लोमा) की बीएस्सी नर्सिंग (ही पदवी) यात अडकलीय, म्हणून लिहितोय. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दोन्हींनंतर सारखंच, नर्स आणि मिडवाइफ (बाळंतपण करणारी), त्यामुळे 'डिप्लोमावाली कमी' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. जीएनएम 3 वर्षं, बीएस्सी 4, म्हणजे एका वर्षाचा खर्च वाचतो नि पगार लवकर सुरू. बीएस्सीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतंच, जीएनएमला आर्ट्सवालीही चालते.

खरी गोम पुढे आहे. केंद्राने 2023 मध्ये 157 नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, म्हणजे पदवीवाल्या वाढणार नि स्पर्धाही. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला (नर्सभरतीची परीक्षा) बीएस्सीवाली रजिस्ट्रेशन झालं की बसते, जीएनएमला मात्र आधी किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलात 2 वर्षं अनुभव लागतो, तिथे ते वाचलेलं वर्ष गेलंच की!

घरात कमाई लगेच हवी असेल किंवा सायन्स नसेल तर जीएनएम करा, पुढे 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमवाल्यांसाठीची पदवी) आहेच. मोठी सरकारी हॉस्पिटलं, एमएस्सी किंवा शिकवणं डोक्यात असेल तर बीएस्सीच, गोव्यात बांबोळीच्या नर्सिंग इन्स्टिट्यूटचा फॉर्म आधी भरा.