लाकूडकामाची '१० वर्षं गॅरंटी': फसवणूक कुठे होते

धुळे-जळगाव पट्ट्यात उन्हाळ्यात बसवलेल्या दारांच्या तक्रारी पहिल्या पावसाबरोबर येतात. दार उंबऱ्याला घासतं, कडी लागत नाही, बाथरूमच्या दाराला खालून फुगे धरतात. फोन केला की ठेकेदार म्हणतो, "पावसाळ्यात लाकूड फुगतंच, भाऊ. गॅरंटी कार्ड आहे ना तुमच्याकडे?" कार्ड असतं. कार्डावरचं प्लायवूड मात्र घरात नसतं.

नमुना दाखवतात तो आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा. ७२ तास उकळत्या पाण्यात टिकण्याची कसोटी या मानकात आहे. मग दोन-चार शीट खऱ्या येतात आणि त्यांचं पक्कं बिल व कार्ड मालकाच्या हाती पडतं. बाकीचा माल कच्च्या चिठ्ठीवर येतो. तो एमआर प्रतीचा असतो, म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी न सोसणारा. कधी तेवढीही प्रत नसते, नुसता '७१०' चा शिक्का असतो. एकदा सनमायका चढला आणि कडेला पट्टी लागली की वरून काहीच कळत नाही.

म्हणून तपासणी सनमायकाच्या आधी. प्रत्येक शीटवर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की परवाना कोणाचा आणि कुठल्या मालासाठी आहे ते दिसतं. शिक्क्यांचे फोटो काढा, शीट मोजा, बिलावरच्या आकड्याशी ताडून बघा. ठेकेदाराची सही असलेला एक तुकडा स्वतःजवळ ठेवा. शंका आली तर दुसरा लहान तुकडा पातेल्यात उकळा. ७२ तास कोणी गॅस जाळणार नाही, पण एमआरचा युरिया डिंक काही तासांतच सुटतो. थर टिकले म्हणून माल मरीन ठरत नाही. सुटले, तर मात्र तो मरीन नाही एवढं पक्कं.

फ्लश दार, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लाय चिकटवलेलं दार, नुसतं वाजवून पारखू नये. कुलपाच्या जागी ठोकळा असतोच आणि नेमकं तिथेच वाजवून दाखवतात. वजन करा. ३० मिमी जाडीचं, ७ बाय ३ फुटांचं भरीव दार साधारण ३० किलोच्या आसपास भरतं. २० किलो भरलं तर आत पोकळी आहे. लॅचचं भोक पाडताना समोर उभं राहा, आतलं लाकूड दिसतं. दार बसल्यावर मोबाइल खाली सरकवून खालच्या कडेचा फोटो घ्या. वरची आणि खालची कड रंगाविना सोडून देणं ही सुताराची नेहमीची चोरी आहे, आणि पाणी तिथूनच शिरतं.

चौकटीत पैसा मापात जातो. बिलावर ५ बाय ३ इंची लाकूड, एकूण लांबी १७.५ फूट: १७.५ गुणिले १५ भागिले १४४, म्हणजे १.८२ घनफूट. प्रत्यक्षात चौकट भरते साडेचार बाय अडीच, म्हणजे १.३७ घनफूट. पाव भाग गेला. रंध्यात पाव इंच जाणं रास्त आहे, अर्धा इंच नाही. दर कापीव मापावर की रंधलेल्या मापावर, हे वखारीत पैसे देण्याआधीच लिहून घ्या.

दुसरी चलाखी पांढऱ्या लाकडाची. सागाचा गाभा टिकतो, बाहेरचा पांढरा भाग कीड आणि उधई आधी खाते. म्हणून गाभा समोर आणि पांढरं भिंतीकडे ठेवून वर डांबर फासतात. डांबर लागायलाच हवं, पण ती बाजू तुम्ही बघितल्यावर. समोरून रंग दिला असेल तर ब्लेडने कोपरा खरवडा.

'सिझन केलेलं', म्हणजे नीट सुकवलेलं, हा शब्द फुकट मिळतो. ओलावा मीटरने मोजा, तोही टोकाला नाही. टोकं आधीच सुकलेली असतात. मधे नवा काप घेऊन त्यावर टोचा. १० ते १२ टक्के ठीक. १८-२० असेल तर चौकट बसवू देऊ नका; मे महिन्यात सांधे उघडतील.

आता कार्ड. कंपनीची गॅरंटी बहुधा कीड, वाळवी आणि थर सुटणं एवढ्यापुरती असते, आणि बदलून मिळते ती शीट; मजुरी, सनमायका, बिजागऱ्या नाहीत. दार वाकलं तर कार्ड उपयोगाचं नाही. ठेकेदाराकडून वेगळा लेखी करार घ्या: कुठले दोष, किती दिवसांत दुरुस्ती, कोणाच्या खर्चाने. आणि ५ ते १० टक्के रक्कम एक पावसाळा व एक मे महिना उलटेपर्यंत राखून ठेवा. आमच्या मते त्या रकमेइतकी गॅरंटी दुसरी नाही.

रेरा (स्थावर मालमत्ता कायदा) नोंदणीच्या प्रकल्पात फ्लॅट असेल तर त्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला कामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा, फोनवर नाही. ग्राहक आयोगाकडे जायचं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची, त्यामुळे 'बघू, पाठवतो माणूस' यात ती संपू देऊ नका. ताबापत्रात 'लाकूडकाम तपासून समाधानकारक आढळले' अशी ओळ छापलेली असेल तर तिच्यापुढे 'फक्त दिसणाऱ्या भागापुरते' असं हाताने लिहा आणि मगच सही करा.